कोरडेबाबांचे शीतबिंदू

दिवाळं निघालेल्या फर्निचरच्या दुकानात त्या रविवारी मुंगीला शिरायला जागा नव्हती. जिना, खिडक्या, माल चढवायच्या लिफ्टचं तोंड, जिथे म्हणून पाय टेकेल तिथे माणूस उभा होता. ‘गाद्यांवर खास सवलत’ ही पाटी भिंतीवर तशीच राहिली होती. तिच्याखाली मखमली खुर्चीत, पांढऱ्याशुभ्र झग्यात कोरडेबाबा बसले होते. खुर्चीच्या पायाला दुकानाची किमतीची चिठ्ठी अजून लटकत होती. बाबांची किंमत मात्र तोवर कुणी केली नव्हती.

आणि त्यांच्यासमोर मंचावर, दोन्ही तळहात पुढे पसरून, माझा धाकटा भाऊ उभा होता.

“बघा!” बाबा गरजले. “बघा या हातांकडे! हे हात रडताहेत!”

भावाच्या बोटांच्या टोकांवरून खरंच थेंब गळत होते. गर्दीनं ‘आई गं’ म्हणून श्वास ओढला.

“डॉक्टर काय म्हणतो? छाती उघडा, आतली शीर कापा! अरे मूर्खांनो, घरात धूर झाला तर खिडकी फोडायची की चूल विझवायची?”

“चूल विझवायची!” गर्दी ओरडली.

“कुठली चूल?”

हे कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांनी हवा तेवढा वेळ जाऊ दिला आणि मग खालच्या आवाजात म्हणाले, “पापाची.”

एका शिष्यानं पितळी वाटी पुढे केली. तिच्यात तपकिरी द्रव होता. त्याचं नाव सुवर्णार्क. बाबांनी कुंचल्यानं तो भावाच्या तळव्यांवर फासला आणि वाळू दिला. दुसऱ्या शिष्यानं चाळणीतून पांढरी पूड भुरभुरवली. तिचं नाव श्वेतभस्म. डोळ्याचं पातं लवायच्या आत तळव्यांवर निळेकाळे ठिपके उमटले, ठिपक्यांचे डाग झाले आणि बघता बघता दोन्ही हात कोळशात बुडवल्यासारखे काळेभोर झाले.

एक बाई किंचाळली. माझी भावजय माझ्या शेजारी उभी होती. तिनं माझं मनगट घट्ट धरलं.

“निघालं! बाहेर निघालं!” बाबा डोळे मिटून डोलू लागले. काहीतरी पुटपुटून त्यांनी ते हात एका काचेच्या परातीत बुडवले. परातीत शांतिजल होतं. हात वर आले ते स्वच्छ, काळ्याचा मागमूस नाही. पुन्हा भस्म भुरभुरलं. हात पांढरेच राहिले.

टाळ्यांनी छत कोसळायचं बाकी होतं.

खात्री पटावी म्हणून बाबांनी प्रेक्षकांतून आणखी एकाला वर बोलावलं. वर गेला तो आमच्या भागातला रस्त्यांचा ठेकेदार. त्यानं बांधलेला रस्ता पहिल्या उन्हाळ्यातच उखडला होता आणि त्यानं बुजवलेल्या खड्ड्यांत माणसं पाय मोडून घेत होती. त्याच्या कोरड्या ठणठणीत हातावर अर्क लावला, वाळू दिला, भस्म टाकलं. हात काळा झाला नाही.

“पुण्यवान!” बाबांनी जाहीर केलं.

ठेकेदारानं नम्रपणे मान खाली घातली. एवढी लबाडी करूनही ज्याच्या हाताला घाम फुटत नाही तो पुण्यवानच म्हणायचा!

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवते. पितळी वाटीचा वास मंचापासून माझ्यापर्यंत आला होता आणि तो मी ओळखला होता. “आयोडीन,” मी भावजयीच्या कानात म्हटलं. “आणि ती पूड म्हणजे साधं मक्याचं पीठ.”

पुढची बाई मागे वळून माझ्यावर खेकसली, “श्श! श्रद्धा नसेल तर बाहेर व्हा.”

माझा भाऊ भोळसट नाही, हे आधीच सांगते. तो एका मोठ्या लाँड्रीत इस्त्रीच्या खोलीत काम करतो. हॉटेलांच्या आणि रुग्णालयांच्या चादरी तिथे वाफेच्या रोलरखालून निघतात. काम त्याला उत्तम येतं, पण हात त्याचे वैरी. लहानपणापासून त्याच्या तळहातांना घाम येतो, आणि येतो म्हणजे धारा लागतात. थंडीत येतो, पंख्याखाली येतो, स्वस्थ बसला असतानाही येतो. शाळेत त्याच्या वहीची पानं फुगायची. लाँड्रीतले सोबती त्याला ‘गळका’ म्हणायचे. कारखान्याच्या फाटकावर अंगठ्यानं हजेरी घेणारं यंत्र बसवलं, तेव्हा त्या यंत्रालाही याचा ओला अंगठा ओळखू येईना. कामावर असूनही हा गैरहजर. कडक इस्त्रीच्या चादरीवर बोटांचे ओले ठसे उमटले की मुकादम सगळ्यांदेखत ती चादर झेंड्यासारखी फडकवायचा. शेवटी त्यानं बजावलं होतं, “पुढच्या महिन्यापासून तू खाली, मळक्या कपड्यांत. तिथे गळ हवा तेवढा.”

डॉक्टरकडे तो कधी गेलाच नाही. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की यावर छातीतून शीर कापायची शस्त्रक्रिया, एवढाच इलाज. त्या धसक्यानं त्यानं दवाखान्याचं नावच टाकलं. ‘चिरफाड नाही, सुई नाही, तीन थेंबांत कायमचा कोरडा’ असं म्हणणारा भेटल्यावर बुडत्याला काडीचा आधार झाला.

त्या संध्याकाळी मी त्याच्या घरी बटाटा चिरला, औषधाच्या डब्यातलं टिंक्चर आयोडीन त्यावर टाकलं. फोड काळीनिळी झाली. वर लिंबू पिळलं, रंग गेला.

“बघ. हे तुझं पाप, आणि हे तुझं शांतिजल. कोरडी पूड आणि कोरडं आयोडीन गप्प बसतात. ओलावा मिळाला की काळे होतात. हे नववीतली पोरं करतात रे.”

त्यानं बटाट्याची फोड बोटानं चाचपली. मग हळूच म्हणाला, “ताई, ते असेल तसं. पण थेंब तर घेऊन बघतो. थेंबांत काय बटाटा आहे?”

कार्यक्रमानंतर प्रत्येकाला विकली जाणारी ती बाटली त्याच्या खिशात होती. नाव शीतबिंदू. सकाळ-संध्याकाळ जिभेखाली घ्यायचे. आणि एक पथ्य: कुठल्याही डॉक्टरला सांगायचं नाही. सांगितलं की गुण जातो.

“गुण जातो म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे जातो,” भावजय म्हणाली. “बाबा म्हणालेत.”

मी म्हटलं, आठवडाभरात हे गोड पाणी घेऊन कंटाळतील आणि विषय संपेल.

विषय संपला नाही, कारण त्याचे हात खरोखरच कोरडे झाले.

हे मला मान्यच करावं लागलं. दोन-चार दिवसांत त्याचे तळवे पुठ्ठ्यासारखे कोरडे पडले. फाटकावरच्या यंत्रानं त्याचा अंगठा पहिल्या फटक्यात घेतला. मुकादम चादर उलटीसुलटी करून बघत राहिला आणि ती घडीवर ठेवून निघून गेला. भावाची सहा वर्षांची मुलगी रस्ता ओलांडताना बापाचा हात कधी धरायची नाही. हात सटकतो म्हणून त्याच्या सदऱ्याचं टोक धरायची. त्या दिवशी ती माझ्याकडे आली ती बापाचा हात घट्ट धरून. “आत्या, बघ! बाबांचा हात आता पकडता येतो!”

यावर बटाट्याची फोड काय बोलणार?

भावजयीनं मला चांगलंच सुनावलं. “ताई, तुमचं शास्त्र खरंच असेल. पण तुमच्या शास्त्रानं इतकी वर्षं यांचा हात कोरडा केला नाही. त्यांनी केला.”

पण भावाकडे पाहताना मला काहीतरी खटकत होतं. तो सारखा पाणी पीत होता आणि तरी ओठ चाटत होता. वर्तमानपत्र हातभर लांब धरून डोळे बारीक करत होता. घरात दिवा लागला की तोंड फिरवत होता. डोळ्यांच्या बाहुल्या मांजरीच्या अंधारातल्या बाहुल्यांसारख्या टपोऱ्या काळ्या झाल्या होत्या.

“तेज आलंय डोळ्यांत,” भावजय कौतुकानं म्हणाली. “बाबा म्हणाले होते, आधी हात कोरडे होतात, मग तेज येतं.”

“लघवीला जरा अडतं,” भाऊ पुटपुटला. “पाप कुठून तरी निघणारच ना.”

“अरे, दवाखान्यात जाऊन ये.”

“आणि गुण घालवून बसू?”

त्यानं उलट मुकादमाला खूश ठेवायला जास्तीची पाळी घेतली, आणि हात पुन्हा ओले होऊ नयेत म्हणून थेंबही जास्त घ्यायला लागला.

उन्हाळा ऐन भरात होता. इस्त्रीच्या खोलीत वाफेनं भिंती घामेजलेल्या असतात; माणसं तर न्हाऊन निघतात. त्या दुपारी सगळ्यांचे सदरे पाठीला चिकटले होते. एकट्या माझ्या भावाचा सदरा नुकताच इस्त्री केल्यासारखा कोरडा. सोबत्यांनी थट्टाही केली, “गळका आता साहेब झाला!” थोड्या वेळानं तो लालबुंद झाला, असंबद्ध बोलू लागला आणि रोलरजवळ कोसळला. हात रोलरखाली गेला नाही हे त्याचं नशीब. शेजारच्यानं कपाळाला हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

मी रुग्णालयात पोचले तेव्हा त्याला ओल्या चादरींत गुंडाळलं होतं, दोन्ही बाजूंनी पंखे लावले होते, काखेत बर्फ होता. तो जागा होता, पण आमच्यात नव्हता. त्याचे हात हवेत चालले होते. न दिसणाऱ्या चादरीची दोन टोकं तो बोटांत धरायचा, जुळवायचा, घडी घालायचा, बाजूला ठेवायचा आणि पुढची उचलायचा. “ठसा नाही उमटला,” तो म्हणत होता. “बघा साहेब, ठसा नाही.”

भावजय भिंतीला टेकून उभी होती.

डॉक्टरीणबाई ठेंगण्या, तुटक बोलणाऱ्या. त्यांनी त्याच्या डोळ्यांवर बॅटरी मारली. बाहुली जराही लहान झाली नाही. जीभ पाहिली, काखेतून बोट फिरवलं.

“एवढा ताप आणि काखसुद्धा कोरडी,” त्या म्हणाल्या. “काय घेतो हा?”

भावजय म्हणाली, “काही नाही.”

“बाई, मला खोटं सांगाल तर मी चुकीचं औषध देईन. काय घेतो?”

भावजयीनं माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती, आणि भीती नवऱ्याच्या जिवाची होती तेवढीच त्या बाबाच्या शब्दाचीही होती. “सांगितलं तर गुण जाईल हो, ताई,” ती कुजबुजली.

“अगं, माणूस चाललाय! गुण राहून काय करायचाय?”

तिनं पर्स उघडली आणि बाटली माझ्या हातात दिली. मग हुंदका फुटून खाली बसली.

डॉक्टरीणबाईंनी वास घेतला, थेंब बोटावर घेऊन उजेडात पाहिला. “तोंड कोरडं, बाहुल्या मोठ्या, लघवी तुंबलेली, अंगात आग आणि घामाचा टिपूस नाही. धोतरा प्यायलेल्या माणसाचं वर्णन आमच्या पुस्तकात असंच असतं.”

“धोतरा?” मी म्हटलं. “म्हणजे विष?”

“घाम येण्यासाठी शरीर जो निरोप पाठवतं, तो निरोपच धोतरा अडवतो. म्हणून हात कोरडे झाले. तोंडही झालं, काखही झाली, सगळंच झालं. तुमच्या बाबानं हाताचा घाम थांबवला नाही. माणसाचा घाम थांबवला. आणि ज्याला घाम येत नाही त्याला भट्टीसारख्या खोलीत उभं केलं तर तो शिजतो.”

रात्र कठीण गेली. पहाटे ताप उतरला. सकाळी त्यानं मला ओळखलं आणि पहिला प्रश्न विचारला, “ताई, हात ओले झाले का गं?” झाले होते. तळव्यावर घामाचे बारीक मणी उभे राहिले होते. घाम पाहून मला इतका आनंद कधी झाला नव्हता. तो मात्र तोंड फिरवून रडला.

बाटली तपासायला पाठवली. पोलीस म्हणाले, अहवाल येऊ द्या.

“अहवाल येईपर्यंत किती जण आडवे होतील?” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पुढची सभा कधी आहे?”

सभा रविवारीच होती. त्या दिवशी सकाळी त्यांनी जे केलं ते कुणीही करू नये, असं त्यांनीच मला बजावलं होतं. बाटलीतलं औषध गाळून, पातळ करून त्यांनी त्याचा एक थेंब स्वतःच्या डाव्या डोळ्यात घातला.

सभेत तीच गर्दी, तीच मखमली खुर्ची. लाँड्रीतले दहाबारा जणही आले होते, पण टाळ्या वाजवायला नव्हे. भाऊ अजून अशक्त होता. भावजयीनं त्याला धरून कडेला बसवलं होतं. बाबांनी ‘ज्याचे हात रडतात त्यानं पुढे यावं’ म्हणताच मी मंचावर गेले.

“ये मुली,” बाबा म्हणाले. मी त्यांच्याहून वयानं मोठी असेन. “कसलं पाप जळतंय तुझ्या आत?”

“माझं नंतर बघा,” मी म्हटलं. “आधी याचं बघा.” पिशवीतून पावाची फोड काढली, शिष्याच्या हातातला कुंचला घेतला आणि सुवर्णार्क पावावर ओढला. पाव तिथल्या तिथे काळा पडला.

मी तो उंच धरला. “मंडळी, या पावानं काय पाप केलंय?”

मागून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा उठून उभे राहिले. “हा अन्नाचा अपमान आहे! अन्नालासुद्धा दळणाऱ्याचं, भाजणाऱ्याचं पाप लागतं!”

“असेल. मग त्याला मोक्षही द्या.” मी पाव शांतिजलात बुडवला. रंग उडाला. “हे आयोडीन आहे. भस्म म्हणजे मक्याचं पीठ. आणि या परातीत क जीवनसत्त्वाच्या गोळ्या विरघळल्यात. पीठ आणि आयोडीन ओलाव्यात भेटले की काळे होतात, मग तो ओलावा घामाचा असो, पाण्याचा असो नाहीतर पावाचा असो. ज्याचा हात कोरडा त्याचा काळा होत नाही. म्हणून गेल्या वेळी ठेकेदार पुण्यवान ठरला!”

आता हशा मोकळा पिकला. उखडलेल्या रस्त्यावरून रोज ठेचकाळणारी माणसं होती ती.

“खोटं!” पहिल्या रांगेतला एक भक्त ताडकन उठला. “बाबा, दाखवाच हिला! तुमचा हात दाखवा! तुमचा हात काळा होणार नाही!”

“दाखवा! दाखवा!” भक्तांनीच आरडाओरडा सुरू केला. शत्रूनं घातलेला पेच माणूस सोडवतो. भक्तांनी घातलेला कसा सोडवणार? बाबांनी हात झग्यात ओढून घेतले. “साधूची परीक्षा घेऊ नये,” ते म्हणाले.

“परीक्षा नाही बाबा, पुरावा!” भक्त मंचावर चढला, त्यानं भक्तिभावानं बाबांचा उजवा हात धरला आणि माझ्यापुढे उघडून धरला. मी अर्क लावून वाळू दिला. भस्म टाकलं. मनगटापासून बोटांपर्यंत तो हात तव्याच्या बुडासारखा काळा झाला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण त्या हशातून एक शिंपीणबाई उभी राहिली आणि म्हणाली, “बाई, ते जाऊ द्या. रंगाचा खेळ असेल. पण माझे हात खरंच कोरडे झालेत. रेशमी कापडावर आता डाग पडत नाही. त्याचं काय?”

हशा थांबला. अनेक माना हलल्या. बाबांच्या चेहऱ्यावर पुन्हा रंग चढला. “ऐका! माझ्या लेकीचं ऐका! आणि तेज बघा तिच्या डोळ्यांत!”

“तेच बघायला मी आलेय,” म्हणत डॉक्टरीणबाई वर आल्या. त्यांनी चष्मा काढला. “पुढच्या लोकांनी माझ्या डोळ्यांकडे बघा. दोन्ही डोळे सारखे दिसतात का?”

पहिली रांग पुढे वाकली. उजव्या डोळ्याची बाहुली मोहरीएवढी होती. डाव्या डोळ्यात बाहुली सोडून काही दिसतच नव्हतं.

“डाव्या डोळ्यात मी सकाळी शीतबिंदूंचा एक थेंब घातला. आता या डोळ्यानं मला माझं घड्याळ वाचता येत नाही. याला हा माणूस तेज म्हणतो. आता जे जे थेंब घेतात त्यांनी शेजाऱ्याच्या डोळ्यांत बघा.”

तो क्षण मी विसरणार नाही. शे-दीडशे माणसं एकमेकांकडे वळली. नवरा बायकोकडे, मैत्रीण मैत्रिणीकडे. आणि सभागृहभर तेच टपोरे काळे डोळे एकमेकांना भेटले. एका म्हाताऱ्यानं खिशातून कागद काढला, जवळ धरला, लांब धरला, आणि तो खाली ठेवून म्हणाला, “मला वाटलं, वय झालं.”

“तोंड कोरडं पडतं?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं. हात वर झाले. “छाती धडधडते? लघवी अडते? विसरायला होतं?” हात वर होत गेले. “हा धोतरा आहे. कडेला बसलेल्या त्या भावाला विचारा, भर दुपारी त्याचं काय झालं.”

माझा भाऊ भावजयीचा खांदा धरून उभा राहिला. भाषण त्याला येत नाही. “मी मेलो होतो,” एवढंच तो म्हणाला. “ही बाटली कुणी घेत असाल तर घेऊ नका.”

शिंपीणबाईंनी आपली बाटली मंचावर ठेवली. “बाबा, हे निरुपद्रवी असेल तर तुम्ही प्या,” त्या म्हणाल्या. “माझ्यासमोर प्या. सगळी प्या.”

बाबांच्या तोंडचं पाणी पळालं, आणि तेही एक थेंब न घेता. “माझ्या ध्यानाची वेळ झाली,” असं म्हणत ते पडद्यामागे गेले आणि मागच्या दारानं हातावर तुरी देऊन निसटू लागले. मागच्या दाराशी लाँड्रीतली मंडळी होती. चार पोती उचलणारे हात ते. मी धावत जाऊन त्यांना अडवलं नसतं तर बाबांची चादरीसारखी घडी झाली असती. पोलीस आले. दुकानाच्या पोटमाळ्यावर मक्याच्या पिठाचे डबे, आयोडीनचे कॅन आणि धोतऱ्याच्या काटेरी फळांची पोती निघाली. पुढे तपासणीचा अहवालही आला. त्यात तेच होतं. आणि असंही कळलं की बाबा आधी एका कंपनीचं झुरळं मारायचं औषध विकत असत. तिथेही ‘कायमचा बंदोबस्त’ हेच त्यांचं पेटंट वाक्य होतं.

आता भावाचं सांगते, कारण लोक मला तेच विचारतात. डॉक्टरीणबाईंनी त्याला त्वचाविभागात नेलं. तिथे कळलं की शस्त्रक्रिया ही फार शेवटची पायरी. तिच्या आधी बरंच काही करता येतं. रात्री हात पूर्ण कोरडे करून लावायचं ॲल्युमिनियमच्या क्षाराचं औषध असतं. ते घामाची छिद्रं तात्पुरती बुजवतं. त्यानं पुरलं नाही तर साध्या पाण्याच्या दोन उथळ ताटांत हात ठेवून सौम्य वीजप्रवाह सोडतात. मुंग्या आल्यासारखं होतं, दुखत नाही. आठवड्यातून काही वेळा, मग हळूहळू कमी. त्यापलीकडे इंजेक्शनं आहेत, गोळ्याही आहेत, पण त्या डॉक्टरनं मोजूनमापून द्यायच्या, उन्हात आणि वाफेत काय काळजी घ्यायची ते सांगून. मजा अशी, त्यांतल्या काही गोळ्या धोतऱ्याच्याच जातीचं काम करतात. फरक एवढाच की तिथे मात्रा ठरलेली असते, बाटलीवर नाव असतं, आणि काही बिनसलं तर सांगायला माणूस असतो.

पहिल्यांदा हात ताटात ठेवताना भावानं विचारलं, “डॉक्टर, कायमचं बरं होईल ना?”

“नाही,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “करत राहावं लागेल. कमी होईल, आटोक्यात राहील.”

त्याचा चेहरा पडला. खरं बोलणाऱ्याच्या दुकानात माल नेहमी थोडाच असतो. पण दोन महिन्यांत त्याचे हात आटोक्यात आले. पूर्ण कोरडे नाहीत. परीक्षा असल्यासारखा घाबरला की अजून ओले होतात. डॉक्टरांनी लिहून दिलेली चिठ्ठी दाखवल्यावर कारखान्यानं त्याला अंगठ्याऐवजी कार्डावर हजेरी दिली, आणि तो इस्त्रीच्या खोलीतच राहिला. एवढी साधी गोष्ट मागायला त्याला इतकी वर्षं लाज वाटली होती. त्याच लाजेवर तो बाबा जगत होता.

म्हणून माझं सांगणं साधं आहे. घाम हे पाप नाही. घाम येणं हा शरीराचा धर्म आहे. तो जास्त येणं हा एक त्रास आहे, दात दुखण्यासारखा, आणि त्याला औषध आहे. ते विचारायला लाजू नका. कुणी चमत्कार दाखवला तर हात जोडण्याआधी त्याचा वास घेऊन बघा, बटाट्यावर करून बघा. गुण आला तर तो कशानं आला हे विचारा, कारण विषालाही गुण असतो. जे औषध डॉक्टरला सांगायची बंदी आहे, ते तोंडाला लावू नका. आणि कुणी ‘कायमचं बरं करतो’ म्हणाला, तर त्याच्या तोंडावर एकच शब्द विचारा: कशानं?

खरा असेल तो उत्तर देईल. खोटा असेल त्याला घाम फुटेल.